चाळणी बालाघाटची

आमच्या भाऊजींनी जन्मात एकाही लग्नात वेळेवर अक्षता टाकल्या नाहीत. मंगलाष्टकं चालू झाली की सगळा मांडव नवरा-नवरीकडे पाही आणि माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान तळहातावर तांदूळ पसरून त्यातली कणी वेचत बसत. तुटका दाणा सापडला की माझ्या कानाशी लागून म्हणत, "बाबू, ज्या मिलचा हा तांदूळ हाये, तिची चाळणी गेली." मग पंगतीआधी वधूपित्याला गाठून मिलचं नाव विचारून घेत. तो बिचारा मानपानात काही राहिलं की काय, या धास्तीने सांगून टाकी.

नव्वदनंतर केव्हातरी भाऊजींनी सरकारी नोकरी सोडली आणि गोंदियापलीकडच्या बालाघाटच्या वेशीवर टिनाच्या शेडमध्ये राइस मिलच्या चाळण्या करायला घेतल्या. आमच्या नोकरदार घराण्यात हे संन्यास घेण्यापेक्षा वाईट; संन्याशाला निदान लोक नमस्कार तरी करतात. ताईने अबोला धरला. भाऊजींचं म्हणणं एकच, "वारासिवनीपासून लांजीपर्यंत भातच भात, जिकडं तिकडं मिला. अन् चाळणी फाटली का पळा नागपूरले. काहून? आपल्याले भोकं पाडता येत नाही का?"

भोकं पाडता येत होती, पण वीज टिकत नव्हती. दुपारी ती गेली की कारागीर विडी काढत, आणि भाऊजी स्वतः कानस घेऊन पत्र्याच्या कडा घासायला बसत. मालक घासतो म्हटल्यावर विड्या आपोआप खिशात जात. तयार चाळणीवर ते ठसठशीत 'बालाघाट' असं नाव ठोकत, आणि घोडं नेमकं तिथेच अडे. गावातला माल गावात कोण घेतो? वारासिवनीचे एक मिलवाले शेठ तर चाळणी उलटीपालटी करून म्हणाले, "भाईसाब, पत्रा तो नागपूर का ही है ना?"

"पत्रा नागपूरचा. भोकं बालाघाटची," भाऊजी म्हणाले. "काम भोकं करते, शेठ. पत्रा नुसता आजूबाजूले राहते."

शेठ हसले, चहा पाजला आणि चाळणी परत दिली. असे चहा भाऊजींनी तालुकाभर प्यायले. शेड चाळण्यांनी भरली. तेवढ्यात गोंदियाचा एक व्यापारी सगळा माल उचलायला तयार झाला, अट एवढीच की नाव नको. ताईचा अबोला त्या दिवशी सुटला. "द्या नं आता. या हंगामात माल गेला नाही त शेड बंद करा लागन." मलाही तिचंच पटत होतं.

"बिननावाचा माल गोंदियाले जाईन अन् गोंदियाचा म्हणून इथंच परत येईन," भाऊजी म्हणाले. "मग मी नोकरी काहून सोडली?"

एवढं बोलून त्यांनी स्कूटरला चाळणी बांधली, मला मागे बसवलं आणि पुन्हा शेठची मिल गाठली. "एक हंगाम लावून पाहा. कणी राह्यली त फेकून द्या." शेठ कसेबसे कबूल झाले, पण बघणाऱ्यांनी हसू नये म्हणून नावाची बाजू आत ठेवायला सांगितली. भाऊजी भडकणार, या भीतीने मी डोळेच मिटले.

"हौ," भाऊजी शांतपणे म्हणाले. "आतलं नाव तांदूळ त वाचन."

हंगाम सरला आणि शेठ आपल्या पायाने शेडवर आले. सोबत आणखी दोन मिलवाले होते. "इस बार नाम बाहर रखेंगे," ते म्हणाले. भाऊजींनी त्यांना चहा पाजला. बिनदुधाचा होता, कारण दूध संपलं होतं आणि ताई हसत हसत रडत होती.

आता भाऊजी नाहीत. अबोला धरणारी ताईच शेड चालवते, आणि वीज गेली की तीही कानस घेऊन बसते. गेल्या वर्षी भाचीचं लग्न झालं. अक्षतांचा तांदूळ शेठनी मुद्दाम आपल्या मिलमधून पाठवला होता. मामा म्हणून मी नवरीच्या मागे उभा होतो. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मी नकळत मूठ उघडली. दाणा न् दाणा अख्खा होता. ते सांगायला मी शेजारी वळलो, तर तिथे ताई उभी होती.

"टाक नं बाबू," ती हळूच म्हणाली. "काहून थांबला?"

टाकल्या. पण तोवर बँड वाजायला लागला होता.