गच्चीसाठी अडून बसलेले नाना

दुकान उघडून नुकती उदबत्ती लावली होती, तेवढ्यात दोंडाईच्याहून फोन आला. नानांची पुतणी. "काकू, नाना गयात..." एवढंच बोलली आणि रडायला लागली. चार दिवस राहून येतो म्हणून तिच्याकडे गेलेला माणूस... मी बांगड्यांच्या दुकानात तशीच बसून राहिले. समोर नानांच्या भांड्यांच्या दुकानाला कुलूप होतं.

धुळ्यातली आमची ही बाजाराची गल्ली पूर्वी निव्वळ पत्र्याच्या दुकानांची. ऐंशीचं दशक सरता सरता एक बिल्डर आला. जुनं सगळं पाडायचं, खाली नवे गाळे, वर तीन मजले राहायला घरं. आम्ही बायका तर हरखूनच गेलो! भाड्याचं घर एकीकडे, दुकान दुसरीकडे, ही ओढाताण एकदाची संपणार होती. सगळ्यांनी सह्या केल्या आणि नाना अडले. नकाशात गच्ची वरच्या मजल्यावरच्या एकाच फ्लॅटला दिली होती. नानांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "बाकी बठ्ठं ठीक शे. पन बायास्नी वाळवन कोठे घालानं?"

बैठकीत हशा पिकला. नानांची बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. यांच्या घरी ज्वारीचे बिबडे थापणार कोण? आमचे हे तर भडकलेच. "नाना, पापडांपायी आमची घरं घालवता का?" त्यातच बिल्डरने दुसऱ्या गल्लीत बोलणी सुरू केल्याचं कानावर आलं. माझा जीव टांगणीला लागला. मी जाऊन म्हटलं, "नाना, करा ना सही. वाळवणाचं बघू आम्ही." कळशी पुसत ते शांतपणे म्हणाले, "कुठे बघशील? रस्त्यावर?" खरंच, कुठे बघणार होते मी?

मग आम्ही बायकाच उठलो आणि बिल्डरकडे जाऊन बसलो. तो बाहेरगावचा. बिबडे म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नव्हतं; कसला तरी सण आहे, असं वाटलं बिचाऱ्याला! अखेर कपाळाला हात लावून त्याने गच्ची सगळ्यांची, असं लिहून दिलं. त्याच दिवशी नानांनी सही केली.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर बिबडे थापायचो आणि नाना काठी घेऊन कावळे हाकलायचे. बिबड्यांसाठी शिजवलेला गरम घाटा तेल घालून वाटीभर खायचे. वाळले की घरोघरचे बिबडे त्यांच्याकडे जायचे. "झ्याक झाले," म्हणायचे. कुणाला कधी नको म्हणाले नाहीत.

नाना गेल्यावर महिन्याभराने पुतणी आली. आम्ही दोघींनी नानांचं घर आवरायला काढलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर पत्र्याचे डबे होते, सगळे बिबड्यांनी भरलेले. कीड लागू नये म्हणून आत कडुनिंबाचा पाला घातलेला.

"दात गेल्यापासून त्यांना चावतच नव्हतं हो, काकू," पुतणी म्हणाली. "पण कुणाचं परत करायचं नाही, म्हणायचे."

त्याच संध्याकाळी गच्चीवर कढई ठेवली. अख्ख्या बिल्डिंगला पुरतील एवढे बिबडे तळले. सगळे खात होते, नानांबद्दल बोलत होते. मी एक तुकडा तोंडात घातला आणि ढसाढसा रडले.