कडीसाहेबांनी बसवलेला अलार्म

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, कारखान्यात सगळे मागून 'कडीसाहेब' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण स्टोअरची चावी त्यांच्या कमरेला होती. नट असो, बेअरिंग असो की झाडू असो, कारखान्याला लागणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या खिडकीतून बाहेर पडायची. म्हणजे पडायला हवी होती. भाऊजी ती पडू देत नसत.

त्यांचा एक नियम होता. कुठल्याही वस्तूचा शेवटचा नग द्यायचा नाही. फोरमन खिडकीशी येऊन गयावया करायचा, "साहेब, मशीन बंद पडलंय, एक बेअरिंग द्या."

"एकच शिल्लक आहे."

"एकच पाहिजे."

"मग स्टोअरमध्ये काय राहील?"

मशीन बंद, माणसं हाताची घडी घालून बसलेली, आणि बेअरिंग फडताळात तेलकट कागदात सुखरूप. निवृत्तीच्या दिवशी मॅनेजरांनी भाषणात सांगितलं, यांच्या काळात स्टोअरमधून एक खिळासुद्धा चोरीला गेला नाही. खरंच आहे. खिळा कामालाही गेला नाही. भाऊजी ते भाषण अजून सगळ्यांना ऐकवतात आणि दर खेपेला डोळे पुसतात.

घरी तरी काय वेगळं? दाराला कुलूप, कुलपावर कडी, कडीवर साखळी. पाहुण्याने बेल वाजवली की आतून खडखड, खुळखुळ सुरू होते, आणि दार उघडेपर्यंत तो बिचारा कशासाठी आलो होतो तेच विसरतो. दवाखान्यात चपला बाहेर काढायच्या असल्या तर भाऊजी एक चप्पल या दाराशी आणि दुसरी त्या दाराशी ठेवतात. "एक चप्पल नेऊन चोर काय करणार?" एकदा झाडणाऱ्या बाईने एकटी पडलेली चप्पल बघितली आणि केरात टाकली. भाऊजी एका पायाने अनवाणी घरी आले आणि वर ऐटीत म्हणाले, "बघा, दुसरी तरी वाचली!"

मी देवाला मानणारी बाई आहे. रात्री दार लावते, त्याचं नाव घेते आणि झोपते. भाऊजीही हात जोडतात, पण मला नेहमी वाटतं, ते नमस्कार करत नाहीत, पहाऱ्यावरच्या माणसाची हजेरी घेतात.

अशा माणसाशी माझ्या ताईने संसार केला. उभा जन्म शिलाईच्या मशीनवर वाकून काढला. आख्ख्या वस्तीच्या बायकांची मापं तिला तोंडपाठ. मुलं आपापल्या वाटेने गेली, आणि तिच्याकडे एक काम चालून आलं. शहराबाहेर मुलींची एक संस्था आहे, तिथे शिवण शिकवायचं. ताईला शिकवायची हौस लहानपणापासूनची. आम्हा भावंडांना ओळीत बसवून ती कागदाची झबली कापायला लावायची. पण संस्थेपर्यंत बस जात नाही. फाट्यावर उतरून चढ चालायचा, आणि ताईचा गुडघा तर जिना बघूनच रुसतो. म्हणून तिने आपल्या शिलाईच्या कमाईतून एक जुनी, राखाडी रंगाची छोटी गाडी घेतली. गाडी चालवायला शिकली. लायसन्स काढलं. भाऊजींना गाडी येत होतीच, पण यात त्यांनी एवढंच केलं की गाडी दारात आल्याबरोबर दोन्ही चाव्या स्वतःच्या खिशात घातल्या.

"अलार्म बसल्याशिवाय ही हलणार नाही," ते म्हणाले.

संस्थेच्या बाईंनी ताईला आधीच बजावलं होतं, "वर्ग सोमवारी सुरू होतोय. पहिल्याच दिवशी मुली ताटकळल्या तर मला दुसऱ्या शिक्षिकेला बोलवावं लागेल. त्या तयारच आहेत." ताईने हे भाऊजींना सांगितलं. भाऊजी म्हणाले, "नोकऱ्या काय, पुन्हा मिळतील. गाडी एकच आहे."

मी ते ऐकलं आणि ओळखलं की ताईची गाडी शेवटच्या नगात जमा झाली.

अलार्म बघायला भाऊजींनी मला बरोबर घेतलं. माझं मत हवं होतं म्हणून नव्हे. ते दुकानात असताना गाडी कुणी नेऊ नये म्हणून मी तीत बसून राहायचं होतं. दुकानं रस्त्यालगतच होती आणि भाऊजींचा आवाज खणखणीत, त्यामुळे मला बसल्या जागी सगळं ऐकू येत होतं.

पहिलं दुकान मोठं, काचेचं. फिटर हुशार दिसत होता. भाऊजींनी विचारलं, "समजा चोराने हा अलार्म बंद पाडायचं ठरवलं, तर तो काय करील?"

फिटरला प्रश्न आवडला. त्याने मन लावून समजावून सांगितलं. चोर आधी बॉनेट उचकटतो, भोंग्याची वायर तोडतो. म्हणून आम्ही भोंगा खोल, हात न पोचेल असा बसवतो आणि त्याला वेगळी बॅटरी देतो. शिवाय एक वायर इंजिनाकडे नेतो, म्हणजे अलार्म चालू असताना कुणी चावी फिरवली तरी गाडी सुरू होत नाही.

भाऊजी पाय न वाजवता दुकानाबाहेर आले. गाडीत बसून काच वर केली आणि म्हणाले, "ऐकलंस? सगळं माहीत आहे त्याला."

"अहो भाऊजी, त्याचा धंदाच आहे तो."

"तेच म्हणतोय मी. धंदाच दिसतोय!"

दुसऱ्या दुकानात एक बाई होत्या, मनगटावर ग्रीसचे डाग असलेल्या, बोलायला फटकळ. त्यांनी तोंडाने काही सांगितलंच नाही. एक पातळ पट्टी घेऊन त्या रस्त्यावर आल्या आणि मी आत बसलेली असताना त्यांनी आमचं बंद दार उघडून दाखवलं. "हे असं होतं, काका. म्हणून दाराला हा सेन्सर लावायचा." मी मनातल्या मनात टाळी वाजवली. भाऊजींना मात्र दरदरून घाम फुटला. "काका काय म्हणते! हिच्या हातात आपली गाडी द्यायची?" पुढच्या चौकापर्यंत ते आरशातून मागे बघत होते, ती बाई पट्टी घेऊन पाठीमागे येते की काय म्हणून.

तिसरं दुकान म्हणजे एक टपरी. बाहेर सीटकव्हरं टांगलेली, आत एक जाडसर गृहस्थ पेंगत होता. भाऊजींनी तोच प्रश्न केला.

"मला काय ठाऊक साहेब," तो जांभई देत म्हणाला. "मी सीटकव्हरं शिवतो. अलार्म आत्ताच ठेवायला लागलोय. लोक विचारतात म्हणून."

"म्हणजे तुम्हाला गाडी उघडता येत नाही?"

"माझीच किल्ली आत राहिली होती परवा. काच फोडावी लागली."

भाऊजींचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून, त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "हा प्रामाणिक माणूस!"

काय बोलायचं? ज्याला उघडणं ठाऊक नाही, तोच चांगलं बंद करणार, हा त्यांचा हिशोब. या हिशोबाने ते दात काढायला न्हाव्याकडे कसे गेले नाहीत, याचंच मला नवल वाटतं.

प्रामाणिक माणसाने सीट उचकटली, डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि दुपारभर त्याचं धोतरासारखं सुटलेलं पोट तेवढं आम्हाला दिसत राहिलं. अलार्मबरोबर आलेलं माहितीपत्रक त्याने गुडघ्याखाली अंथरलं होतं, पँट मळू नये म्हणून. शेवटी तो हातात काही वायरी घेऊन बाहेर आला.

"या उरल्या."

"उरल्या म्हणजे?" मी विचारलं.

"कंपनीवाले जास्तीच्या देतात, बाई. लागल्या तर असाव्यात म्हणून."

भाऊजींनी त्या वायरी गुंडाळून खिशात घातल्या. वस्तू उरली म्हणून खूश झालेला मी पाहिलेला तो एकमेव गाडीमालक.

मग अलार्म वाजायला लागला. मांजर बॉनेटवर बसलं, वाजला. शेजाऱ्याने बादली आपटली, वाजला. वारा आला तरी वाजला, आणि वारा पडला तेव्हाही. रिमोटचं बटण दाबलं की कधी थांबायचा, कधी आणखी जोरात ओरडायचा. पहिल्यांदा माणसं धावत खाली आली. मग गॅलरीतून डोकावायला लागली. पुढे नुसत्या खिडक्या लावून घ्यायला लागली. वरच्या मजल्यावरचे मास्तर भाऊजींना म्हणाले, "साहेब, भीक नको पण कुत्रं आवरा. गाडी कुणी नेत असेल तर मी स्वतः धक्का मारतो."

भाऊजींना तो मत्सर वाटला.

रविवारी ताईने पाटी, खडू, माप घ्यायच्या फिती, कात्र्या सगळं पिशवीत भरून ठेवलं. रात्री मला म्हणाली, "तू येशील ना उद्या सोबत? पहिलाच दिवस आहे." मी म्हटलं, येते. आणि दार लावताना देवाला रोजच्यापेक्षा थोडं जास्त सांगितलं.

सोमवारी सकाळी ताई इस्त्रीची साडी नेसून, पिशवी खांद्याला लावून गाडीशी उभी राहिली.

"अहो, चावी द्या."

"आज नको. आवाज थोडा घोगरा येतोय. तो माणूस दुपारी येऊन बघणार आहे."

"वर्ग सकाळी आहे."

"अगं, मग फोन करून सांग त्यांना. एक दिवसाने काय होतंय?"

ताईने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. मी तिला एवढ्या वर्षांत भांडताना पाहिलं नव्हतं, आणि हेही काही भांडण नव्हतं. मापाची फीत धरून गिऱ्हाईक सरळ उभं राहायची वाट बघावी तशी ती उभी होती.

मग भाऊजी हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असंच असतं. खिशातून त्यांनी एक चावी काढली, रिमोट मात्र मुठीत ठेवला. "घे. घे ना! अलार्म चालू आहे. फिरव चावी, बघ गाडी सुरू होते का. इंजिन जागच्या जागी आवळलेलं असतं. तुला पटेल तरी मी काय बसवलंय ते."

ताईने दार उघडलं. भोंगा किंचाळला. मी दुसऱ्या बाजूने आत बसले आणि कानांवर हात ठेवले. ताईने पट्टा लावला, आरसा नीट केला आणि चावी फिरवली.

गाडी सुरू झाली.

भाऊजींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागे कुणी उरलं नाही. ते रिमोट दाबत सुटले. भोंगा आणखी चेकाळला. ताईने मागे बघितलं, गिअर टाकला आणि गाडी हळूच वळवली.

"थांब! अगं थांब! अरे गाडी चालली! अडवा!" भाऊजी मागून धावत होते, घरातल्या चपलांवर.

कोण अडवणार? तळमजल्यावर खिडकी लागली. वरून मास्तरांनी हात हलवला, निरोप द्यावा तसा. फाटकावरच्या वॉचमनने आम्ही पोचायच्या आधीच आडवा दांडा वर केला आणि भाऊजींना ओरडून विचारलं, "साहेब, दुरुस्तीला का? बरं झालं!"

शहरभर आम्ही बोंबलत गेलो. शेजारून जाणाऱ्या गाड्यांतले लोक आमच्याकडे असे बघत होते, जसं रडतं मूल गप्प न करू शकणाऱ्या आईकडे बघतात. सिग्नलला ट्रॅफिक पोलीस जवळ आला. मला वाटलं, आता उतरवणार. त्याने एक बोट कानात घातलं आणि दुसऱ्या हाताने आम्हाला सगळ्यांच्या आधी सोडलं. "लवकर न्या बाई, लवकर!" चोराने याहून काय मागावं? मी देवाचं नाव घेत बसले होते, पण हसू आवरत नव्हतं. ताई हसत नव्हती. ती रस्ता बघत होती, ओठ घट्ट मिटून, सुईत दोरा ओवताना मिटते तसे.

संस्थेच्या आवारात शिरलो तेव्हा मात्र खिडक्या उघडल्या. मुली एकमेकींच्या खांद्यावरून डोकावत होत्या. संस्थेच्या बाई पायऱ्यांवर आल्या, घड्याळ बघितलं आणि ओरडून म्हणाल्या, "वेळेवर आलात! पण एवढं सांगत यायची गरज नव्हती!"

"पक्कड आहे का?" ताईने तेवढंच विचारलं.

माळ्याने पक्कड आणली. भोंगा शोधायला लागला नाही. प्रामाणिक माणसाने तो बॉनेटखाली अगदी वर, दोरीने बांधून ठेवला होता. ताईने एकदा नीट बघितलं, वायर तोडली आणि पक्कड परत केली. आवारात एवढी शांतता झाली की मुली आपसूक हळू बोलायला लागल्या. मग ती वर्गात गेली, फळ्यावर झबल्याचं माप काढलं आणि मागच्या बाकावरच्या मुलीला म्हणाली, "तू पुढे ये. कात्री अशी नाही धरायची."

संध्याकाळी भाऊजी दारातच बसले होते. जेवले नव्हते. ताईने गाडी लावली, पिशवी उतरवली. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार.

"कुणीच अडवलं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पोलिसानेसुद्धा?"

"त्याने वाट करून दिली," मी म्हटलं.

भाऊजींनी मान हलवली. नवऱ्याच्या नाकावर टिच्चून बायको गाडी घेऊन गेली, याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. ती खरी चोर असती तरी कुणी हललं नसतं, हेच त्यांना लागलं होतं. मला क्षणभर त्यांची दया आली. पण लगेच ते म्हणाले, "याहून मोठ्या आवाजाचा मिळतो," आणि माझी दया जिथून आली होती तिथे परत गेली.

चावी ताईने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून पटवून सांगतात की अलार्म उत्तम होता, ही वस्तीच बहिरी आहे. ताईला हे ऐकायला सवड नसते. मुलींनी आता बाह्या जोडायला घेतल्या आहेत, आणि एका बाजूची बाही हमखास उलटी लागते म्हणून ती हल्ली घरून थोडी लवकरच निघते.