दाखल्यावरची 'घरगुती अडचण'

मंडळी, मी लोणारच्या एका कॉलेजात क्लार्क आहे. आज सुलतानपूरकडची वैष्णवी कॉलेज सोडल्याचा दाखला काढायला आली. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास!

मी सवयीनं कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' लिहून टाकलं. मग कारण विचारलं, "काऊन सोडून राह्यली वं?"

"मॅडम, यंदा प्रॅक्टिकल पाचले सुटते. गावची शेवटची एसटी साडेचारले."

तिला तडक प्रॅक्टिकलच्या सरांकडे नेलं. सर म्हणाले, "मंग सकाळच्या बॅचले ये ना!" दाखल्याचा अर्ज तिनंच फाडला.

आजवर कितीतरी दाखल्यांवर मी हेच कारण लिहिलं. अडचण घरात होती की आमच्या टाइमटेबलात, कधी विचारलंच नाही. आता विचारल्याशिवाय माझ्या टेबलावरून एकही दाखला जाणार नाही.

तुमचं कॉलेज मध्येच सुटलं, तेव्हा कोणी 'काऊन?' विचारलं होतं का?