नळाच्या फडक्यातली पेंड

अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला चौथीतही कळलं नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच सुटली. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी कोणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. पण ज्या बाईबद्दल लिहिणार आहे, तिच्याबद्दल वाईट लिहिलं म्हणून मी माफी मागणार नाही. चारचौघांत मला शब्द फुटत नाही. म्हणून इथं लिहिते.

कोल्हापूरला पाण्याची काय कमी, असं पाहुणे म्हणतात. कमी नाहीच. पुराच्या वर्षी आमच्या घरात छातीएवढं येतं. पिण्याजोगं येत नाही, एवढंच.

आमची गल्ली उतारावर आहे. वरच्या तोंडाला आक्काचं घर, शेवटी नाल्याकडेला आमचं. सगळी गल्ली तिला आक्का म्हणते. तिच्या दारात दोन म्हशी. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन उभे असतात आणि ती धार काढता काढता एकेकाची हजेरी घेते. पाण्याची पाइप तिच्या दारावरून गटारीच्या कडेनं खाली आमच्यापर्यंत येते. एक दिवसाआड सकाळी तासभर पाणी. बाकी वेळ पाइप रिकामी.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझ्या मुलीला कावीळ झाली. सहावीत होती. आधी डोळे पिवळे, मग पाणीसुद्धा ठरेना. कोणीतरी झाडपाला आणून दिला, त्यात चार दिवस वाया गेले, मग दवाखान्यात टाकावी लागली. नवरा फौंड्रीत साच्याचं काम करतो. मालक उचल देईना, दीर फोन घेईना. शेवटी मी आक्काच्या दारात जाऊन उभी राहिले.

धार काढताना ती वर बघतही नाही. "काय गं, दूध तर न्हेलंस की सकाळी. आता काय?"

मी पदर तोंडाशी धरून उभी.

"तोंडातनं शब्द काढ की. मुकी हायस व्हय?"

"पंधरा पायजे हुते."

"पंधरा रुपय?" असं म्हणून ती हसली, आणि किटल्या घेऊन उभे असलेले तिघेचौघेही हसले. तिला कळलं होतं. सगळ्या गल्लीला कळलं होतं. मला पंधरा हजार म्हणायला लावलं, पोरीचं दुखणं सगळ्यांसमोर परत सांगायला लावलं, मग आत जाऊन नोटा आणल्या. शेकडा तीन व्याज, महिन्याच्या महिन्याला. "माझ्या पैशानं पोरगी उठली म्हंजे ध्यानात ठेव," असंही वर सुनावलं.

पोरगी उठली. डॉक्टर म्हणाले, हिला परत असलं पाणी पाजू नका, दुसऱ्यांदा झालं तर हिला झेपणार नाही. ते माझ्याकडं बघून म्हणाले, जसं काही मी हौसेनं पाजत होते.

घरी आणल्यावर मी जुन्या पांढऱ्या परकराचं फडकं फाडून नळाला बांधलं. पाणी सुरू झालं की पहिल्या दोन घागरी नेहमीच गढूळ यायच्या, वासाच्या यायच्या. जमिनीतला गाळ असेल, असं सगळे म्हणायचे. त्या दिवशी पाणी गेल्यावर फडकं सोडलं तर त्यात बुळबुळीत घाण होती आणि तिच्यात तांबडी-काळी टरफलं, त्यांना पांढरा कापूस चिकटलेला. मी वास घेतला.

माझं माहेर गारगोटीकडचं. वडिलांच्या दावणीला म्हशी होत्या. त्यांना घालायच्या भिजवलेल्या सरकी पेंडीचा वास मला झोपेतसुद्धा ओळखता येईल. आणि आमच्या गल्लीत म्हशी एकाच दारात आहेत.

तरी मी नुसत्या संशयावर कोणाला शिव्या दिल्या नाहीत. पुढच्या पाण्याच्या दिवशी व्याजाचे पैसे घेऊन मुद्दाम पाणी जायच्या वेळेला तिच्याकडं गेले. गोठ्याच्या कोपऱ्यात फरशी बाजूला सरकवलेली होती. खाली गुडघाभर खड्डा. पाण्याला जोर नसतो, म्हणून तिनं जमीन खणून आपल्या नळाची पाइप खालीच कापली होती आणि तिला मोटर लावली होती. खड्ड्यात गोठा धुतलेलं पाणी साठलेलं, शेण, मूत, पेंडीच्या बादलीतली सांडलवंड. पाणी गेलं तशी तिनं मोटर बंद केली, नळी काढून घेतली आणि पाइपचं तोंड तसंच उघडं टाकलं. मी बघत होते. खड्ड्यातलं ते हिरवं पाणी गुडगुड करत हळूहळू खाली गेलं, त्या पाइपमध्ये. म्हणजे पुढच्या खेपेला पाणी सुटलं की सगळ्यात आधी हेच आमच्या घागरीत.

"काय बघतीयास? खड्डा कदी बघितला न्हाईस?"

मी व्याज दिलं. तिनं मोजून कमरेला खोवलं. तिच्या खड्ड्यातल्या पाण्यानं माझी पोरगी पडली, तिच्या पैशानं उठली, आणि त्याचं व्याजही तिलाच.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "गप बस. तिनं उद्या पैसे मागितलं तर काय माझी हाडं देणार हायस?"

गप बसले. पाणी उकळायला लागले. गॅस महिना भरायच्या आधीच संपला तशी दारात चूल मांडली, तर शेजारीण म्हणाली धूर येतो. पोरगी खेळून यायची, कोणाच्याही नळाला तोंड लावायची. रोज सकाळी तिला दारात उजेडाला उभी करून मी पापण्या ताणून डोळे बघायची. ती वैतागायची. "आई, सोड की, बास झालं!" हे भीतीचे दिवस माझ्यावर कोणी आणले ते मला माहीत होतं आणि मी रोज तिच्याच दारावरून मान खाली घालून जात होते.

मग मधल्या दोन घरांत पोरांना जुलाब लागले आणि बायकांनी वॉर्ड ऑफिसात जाऊन आरडाओरडा केला. पाणी खात्याचा माणूस आला. आला तो थेट आक्काच्या दारात, कारण खुर्ची तिथंच मिळते. पाणी मोटरनं जोरात चाललेलं असताना तिच्या नळाचं पाणी शिशीत घेतलं, थेंब टाकले, रंग पिवळा झाला. "औषध आहे पाण्यात. पाणी चांगलं आहे," असं म्हणून तो दुधाचा चहा प्यायला बसला.

त्या सकाळी माझ्या पोरीला उलटी झाली होती. नंतर कळलं, तसं काही नव्हतं, शिळं खाल्लं होतं. पण तेव्हा मला माहीत नव्हतं. मी नळाचं फडकं सोडून मुठीत घेतलं, तशीच वर गेले आणि ते त्याच्या हातात ठेवलं. त्याची बोटं घाण झाली, त्यानं ती हुंगली.

"हे काय ओ बाई?"

"नळातलं हाय."

"पेंड नळातनं येतीय व्हय? टाकीत म्हस बांधलीय काय आमच्या?"

सगळे हसले. आक्का सगळ्यात मोठ्यानं. मला वाटलं, आता शब्द फुटणार नाही. पण फुटला.

"टाकीत न्हाई. हितं. ती फरशी उचला."

"ए," आक्का उठली, "माज्या पैशावर पोरगी जगवलीस आन् माज्याच दारात येऊन…"

"तुमच्याच पाण्यानं पडलीया ती!"

एवढंच बोलले. पण ज्यांची पोरं जुलाबानं निजली होती त्या दोघी पुढं झाल्या आणि त्यांनीच फरशी उचलली. त्या माणसानं वाकून बघितलं. तो आक्कावर रागावला नाही. माझ्यावर रागावला, कारण आता त्याला काम लागलं.

दोन दिवसांनी कामगार आले. आक्काचा खड्डा बुजवला, मोटर काढली, नळ जमिनीच्या वर घेतला. मग त्यांनी बाकीची घरं बघितली, तर आणखी चार ठिकाणी तसलेच खड्डे. मोटर नव्हती, पण नळ खालीच. तेही बुजवले. पाण्याला जोर नव्हताच, आता वरच्या घरांना करंगळीएवढी धार येते. ज्या दोघींनी फरशी उचलली त्यांच्यातल्याच एकीनं मला तोंडावर सुनावलं, "तुजं घर खाली हाय, तुला काय गं! तुज्या घागरी भरत्यात. आमी काय थेंब चाटायचं?" जास्त जोरानं पाणी सोडा म्हणून वरच्या घरांनी अर्ज दिला आहे म्हणतात. माझ्याशी गल्लीत कोणी धड बोलत नाही. माझ्या फडक्यात मात्र आता नुसती बारीक वाळू येते.

फरशी उचलली त्याच संध्याकाळी आक्कानं दारात येऊन सांगितलं, महिन्याच्या आत सगळे पैसे टाक. दूध बंद केलं. मी स्टँडजवळच्या खानावळीत भाकऱ्या थापायला लागले, दुपारच्या आणि रात्रीच्या. बोटांची टोकं तव्याला लागून काळी पडली. नवऱ्यानं पहिले आठ दिवस धुसफूस केली, मग दिवाळीचा बोनस गुपचूप माझ्या हातात ठेवला. महिन्यात काही फिटले नाहीत. पाच महिने लागले. मी दिसले की ती किटल्यांच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायची, "बगा, बुडवी चालली." व्याजही शेवटपर्यंत दिलं. ते द्यायचं नाही असं बायका सांगत होत्या, पण तिला माझ्याबद्दल बोलायला मला एक रुपया शिल्लक ठेवायचा नव्हता.

शेवटचे पैसे घेऊन मी काल गेले. मुद्दाम धारेच्या वेळी गेले. म्हशीच्या पाठीवर हात टाकून ती उभी होती, रांगेत सात-आठ जण. तिनं बोटाला थुंकी लावून नोटा दोनदा मोजल्या आणि पुटपुटली, "बरं."

मी हलले नाही.

"आता काय?"

"फिटलं म्हना. मोठ्यानं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं किटली खाली ठेवली. मीही तिच्याकडं बघितलं. म्हशीनं शेपूट मारलं तरी दोघी हललो नाही.

"फिटलं!" ती ओरडली. "सगळं फिटलं हिचं! ऐकलंसा सगळ्यांनी? जा आता, काळं कर!"

मी वळून खाली घरी आले.