एका घासाचं खाणं

मास्तर ब्रेडला लोणी लावत ते थेट कडेपर्यंत. कड कोरडी राहिली की टोमॅटोचं पाणी तिथूनच आत शिरतं, असं त्यांचं म्हणणं. उकडलेलं अंडं अर्धं कापलं की त्याच्या बुडाची पातळ चकती उडवत, म्हणजे ते बशीत डुगडुगत नाही. काकडीच्या चकत्यांना मीठ लावून त्या फडक्यावर पालथ्या निजवत. घरात कुणाच्या पाठीमागून जाताना हळूच "मागे" म्हणत, हातात गरम काही नसलं तरी. स्वयंपाकघराचं दार खांद्याने ढकलत. ते दार ओढायचं होतं. दर खेपेला खांदा आपटे, आणि दर खेपेला ते दाराकडे असे बघत की चूक दाराची आहे. कुणी खात असलं की बसत नसत. लेक एकटी जेवत असली तरी भिंतीशी उभे. ती म्हणायची, बाबा, बसा की. ते म्हणायचे, बसतो, तुझं होऊ दे.

एका मोठ्या हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये ते चौतीस वर्षं वेटर होते. एकोणिसाव्या वर्षी भांडी घासायला लागले आणि कामाच्या तिसऱ्या वर्षी ट्रे हातात आला. पुढे नव्या पोरांना ट्रे धरायला तेच शिकवू लागले, म्हणून सगळे मास्तर म्हणत. स्वतःची शाळा सातवीत सुटलेली. त्यांचे धडे मात्र पाठ असत. पाहुण्याच्या एका हातात पेला असतो, म्हणून स्टार्टर एका घासाचं हवं. दोन घासांचं झालं की दुसरा घास कपड्यांवर. पाहुणे आल्यावर चूल पेटलेली दिसता कामा नये. आणि शेवटचा धडा असा, की चांगला वेटर पाहुण्याला आठवत नाही. आठवतं ते खाणं.

नाताळ म्हणजे हॉलचा सगळ्यात गर्दीचा आठवडा. त्यांनी चौतीस नाताळ पाहिले, सगळे दुसऱ्यांचे. बायको होती तोवर ती सणाचं जेवण दुसऱ्या दिवशी दुपारी करी आणि म्हणे, आपला नाताळ शिळाच गोड लागतो. नऊ वर्षांपूर्वी ती गेली. मग शिळाही राहिला नाही.

जूनमध्ये मास्तर निवृत्त झाले. डिसेंबर लागला तेव्हा एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणाले, यंदा आपल्याकडे कुणाला तरी बोलावू या. तुझ्या कचेरीतले बोलाव.

लेकीने लगेच हो म्हटलं नाही. ती एका विमा कंपनीत होती. तीन महिन्यांपूर्वी बढती मिळून वरच्या मजल्यावर गेली होती. वरच्या मजल्यावर लोक जेवताना आपापल्या वडलांविषयी बोलत. कुणाचे वडील वकील, कुणाचे प्राध्यापक. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, हॉटेल क्षेत्रात होते. खोटं नव्हतं. पण मॅनेजरबाईंनी "अरे वा" म्हणून मान डोलावली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल, ते तिला कळलं होतं. आणि ते तिने तसंच राहू दिलं होतं.

तरी ती हो म्हणाली. मास्तर कधी काही मागत नसत. मागायची सवय नसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं.

नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी सात जण येणार होते. आदल्या दिवशी आत्या मदतीला आली. आत्या म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, तिच्या जिभेला हाड नव्हतं. भावाने मांडलेल्या बश्या बघून ती म्हणाली, हे एवढं एवढंसं कुणासाठी? उंदराचं लग्न आहे का? मास्तर म्हणाले, ताई, हे जेवण नाही, ही जेवणाची हाक आहे. आत्या म्हणाली, हाक मारून जेवायला घालणार नसशील तर मी घरूनच जेवून निघते. आणि खरोखर संध्याकाळी जेवायला घरी गेली, पण त्याआधी तिने दोन द्राक्षांच्या मध्ये चीजचा तुकडा बसवून शंभर काड्या टोचून दिल्या.

रविवारी सगळं एकच्या आत तयार होतं. अंड्याच्या पिवळ्या बलकात मोहरी आणि लोणी घोटून ते परत पांढऱ्या भागात भरलं होतं. काकडीवर दह्याचा चक्का आणि त्यावर मिरीचे दोन दाणे होते. भाजलेल्या ब्रेडच्या चौकोनांवर लसणीत परतलेले मशरूम. भिंतीवर कागदी चांदणी. मास्तरांनी पांढरा सदरा घातला. वर काळं ॲप्रन बांधलं. लेक म्हणाली, बाबा, ॲप्रन कशाला? ते म्हणाले, सदरा नवा आहे ना.

घंटा वाजली तेव्हा ती आत केस बांधत होती. दार मास्तरांनी उघडलं. ती बाहेर आली तोवर त्यांनी मॅनेजरबाईंच्या हातातली पिशवी घेतली होती आणि अर्धं वाकून म्हटलं होतं, या मॅडम, या सर, इकडून. त्यांच्या मागे आलेल्या मंडळींनी आपापल्या पिशव्या त्यांच्याकडेच दिल्या. एकाने तर न बघताच दिली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. हे माझे बाबा. तीन शब्द. तिने तोंड उघडलंही. पण मॅनेजरबाई भिंतीवरच्या चांदणीविषयी काहीतरी म्हणाल्या, तिला त्यावर हसावं लागलं, आणि हसून होईतो मास्तर ट्रे घेऊन आले होते. मग तो क्षण गेला. पुढच्या प्रत्येक क्षणी सांगणं आधीच्यापेक्षा अवघड होत गेलं. आता सांगितलं तर ते विचारणार, मग इतका वेळ का नाही सांगितलंस?

मास्तर ट्रे फिरवत राहिले. ते खूश होते. कुणाचा पेला रिकामा होतोय, कुणाला तिखट नको, हे त्यांना पाठीनेही दिसत होतं. सगळे खात होते आणि वाहवा करत होते. चौथ्या अंड्यानंतर मॅनेजरबाई लेकीजवळ सरकून हळू आवाजात म्हणाल्या, हा माणूस तुला मिळाला कुठे? नाताळच्या दिवशी माझ्याकडे वीस जण आहेत गं. मला त्यांचा नंबर दे ना.

तिने नंबर दिला.

तिला तो पाठ होता. शाळेच्या दाखल्यावर, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे तिने तोच लिहिला होता. मॅनेजरबाईंनी तो फोनमध्ये घातला आणि विचारलं, नाव काय लावू? ती म्हणाली, मास्तर म्हणतात.

स्वयंपाकघराचं दार तिच्या पाठीशीच होतं. ते किंचित उघडं होतं.

पाहुणे गेल्यावर मास्तरांनी बश्या धुतल्या, तिने पुसल्या. ते एवढंच म्हणाले की मशरूम कमी पडले, पुढच्या वेळी सव्वापट घ्यायला हवेत. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ओल्या बशीत स्वतःचं तोंड दिसत होतं, तिथेही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. मास्तर खिडकीशी उभे राहून बोलले. हो मॅडम. वीस. दुपारी. सामान मी सांगतो ते आणून ठेवा. फोन ठेवून ते तिला म्हणाले, तुझ्या मॅनेजरबाई होत्या.

ती ताडकन उठली. म्हणाली, बाबा, नाही म्हणून सांगा. तब्येत बरी नाही म्हणा.

"तब्येतीला काय धाड भरलीय? आणि नाही म्हटलं तर त्या तुलाच विचारणार. मग तू काय सांगशील?"

 त्या दिवशी दाराआडून त्यांनी ऐकलं होतं, एवढं आता नक्की झालं. मास्तर फोन खिशात घालत म्हणाले, तुलाही बोलावणं आहे ना, तू ये. तू आली नाहीस तर मला वाटेल माझ्यापायी तुझा सण गेला. आणि म्हणाले, "ट्रे धरायची मला लाज वाटत नाही गं. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

ती दोन रात्री नीट जेवली नाही. एक वाक्य बोललं तर सगळं मिटणार होतं, आणि ते बोलायला ती रोज कचेरीत जात होती आणि रोज तसंच परत आणत होती.

नाताळच्या सकाळी मास्तर आठच्या बसने गेले. ती दुपारी एकला पोचली. मॅनेजरबाईंचं घर मोठं होतं, खिडक्या जमिनीपर्यंत. कोपऱ्यात नाताळचं झाड होतं. मास्तर दिवाणखान्याच्या त्या टोकाला होते. त्यांनी तिला पाहिलं आणि नजर पुढच्या पाहुण्याकडे नेली, इतर कुणाच्याही अंगावरून नेली असती तशी.

मग फिरत फिरत ते तिच्यापर्यंत आले. ट्रे तिच्या छातीच्या उंचीवर थांबला.

"घ्या मॅडम."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. तो त्यांचा कामाचा आवाज होता, स्वच्छ, जरासा खालचा. तो तिने लहानपणी कधीतरी हॉलच्या मागच्या दाराशी ऐकला होता. तिने काकडीची एक चकती उचलली. ती तोंडात विरघळायला हवी होती, पण दगड चघळावा तशी चघळत राहिली. ते पुढे गेले, आणि ट्रे रिकामा झाला तसे स्वयंपाकघरात.

शेजारी कचेरीतल्या तिच्याच टेबलावरची सहकारी होती. ती म्हणाली, तुझा माणूस भारी आहे हं. मॅनेजरबाई वळून म्हणाल्या, अगं, जानेवारीत माझ्या बहिणीकडे कार्यक्रम आहे, तू जरा शब्द टाक ना त्यांच्याकडे, तुझं ऐकतील.

ती म्हणाली, ते माझे वडील आहेत.

आवाज फुटलाच नाही. सहकारी म्हणाली, काय? तिने पुन्हा सांगितलं. या वेळी गरजेपेक्षा मोठ्याने. सहकारी हसली, मग तिचं हसणं आपोआप बंद पडलं. खोलीभर एकेक करून बोलणं थांबत गेलं.

"ते माझे वडील आहेत," ती तिसऱ्यांदा म्हणाली, कुणी विचारलं नसताना. "त्या दिवशीचं ते घर त्यांचंच होतं."

मॅनेजरबाई वाईट नव्हत्या. त्या लालबुंद झाल्या. हातातला पेला कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. मग त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि मास्तरांना हाताला धरून बाहेर घेऊन आल्या. अहो काका, आम्हांला काही कल्पनाच नाही, असं त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या. त्यांनी त्यांना मधल्या कोचावर बसवलं. कुणीतरी उठून जागा दिली. मघाशी न बघता ट्रेवरून खाणं उचलणारे हात आता नमस्काराला जोडले गेले. एकाने बशी भरून त्यांच्यापुढे धरली. एकजण म्हणाला, काका, तुमच्या हाताला काय चव आहे हो.

मास्तर कोचाच्या अगदी कडेवर बसले. हात ॲप्रनखाली घेतले. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर होत्या, आणि ते खाली बघत होते. लेकीने आपल्या बापाला आयुष्यात प्रथमच अवघडलेलं पाहिलं. त्या घरात तोवर तेच एक मोकळे होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापून लाल झाल्या होत्या. त्यांनी एकदा वर बघितलं, तिच्याकडे. रागाने नाही. भर हॉलमध्ये एखाद्या नव्या पोराच्या हातून ट्रे निसटला की ते जसे बघत असावेत, तसे.

सांगितल्यावर आपल्याला हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. आता तिला कळेना, की आपण सांगितलं ते त्यांच्यासाठी की स्वतःची सुटका व्हावी म्हणून. तो विचार मनात आला आणि तिला तिथे उभं राहवेना.

मास्तर उठू लागले. म्हणाले, मॅडम, एक बशी व्हायची आहे, तेवढी करून येतो. मॅनेजरबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं. राहू दे हो काका, आज तुम्ही पाहुणे. ते बसले. कुणीतरी दिलेलं चीज त्यांच्या हातात होतं, काडीसकट. ते त्यांनी तोंडात घातलं नाही. खाली ठेवायलाही त्यांना जागा दिसत नव्हती.

ती स्वयंपाकघरात गेली. ओटा लख्ख पुसलेला होता. चूल बंद होती. मधोमध एक लांबट पांढरी बशी होती, तिच्यात खजूर. बिया काढून, पोटाशी एकेक चीर देऊन त्यांनी ते चार ओळींत लावले होते, एका ओळीत दहा. पहिली ओळ भरून झाली होती, मऊ चीज आणि वर अर्धा बदाम. दुसऱ्या ओळीतले सहा झाले होते. सातव्याचं पोट उघडं होतं. त्याच्या शेजारी चमचा होता, चीजने भरलेला, जसा हातातून ठेवला तसा.