कुठल्या दंडाला?

घरात मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे! भाजीवाल्याच्या तराजूवर माझा विश्वास नाही, मग परदेशी कामाला माणसं पाठवणाऱ्या महाडच्या स्टँडजवळच्या त्या एजंटावर कुठून बसणार? माणूस नको इतका गोड बोलायचा.

धाकटा भाऊ आफ्रिकेत रस्त्याच्या कामावर निघाला होता, बरोबर दासगावचा त्याचा दोस्त. तिकडे पिवळा ताप असतो, म्हणून जाण्याआधी लस टोचून घ्यायची आणि तसं कार्ड दाखवायचं. त्या तापात डोळे पिवळे पडतात एवढं ऐकून आमची आई दोघांना पोलादपूरच्या डोंगरात कावीळ उतरवणाऱ्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेली. त्याने मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवली आणि नसलेली कावीळ उतरवून दिली!

मग दोघे एजंटाबरोबर मुंबईला जाऊन कार्डं घेऊन आले. चहा देताना मी भावाला सहज विचारलं, "कुठल्या दंडाला टोचली रे?"

"डाव्या."

जेवताना पुन्हा विचारलं.

"उजव्या. किती विचारशील गो ताय?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. खोदून खोदून विचारल्यावर कबूल झाला. एजंटाने दोघांनाही सुई न टोचताच कार्ड दिलं होतं. "कावीळ तर आईनं उतरवून आनलीच हाय. मग उगाच सुई कशाला?"

"मेल्या, डास काय कार्ड वाचून चावतो?"

डॉक्टरांना मी आधीच विचारून आले होते. हा ताप डासामुळे होतो, दिवसाढवळ्या चावणाऱ्या, आपल्याकडे डेंग्यू पसरवणाऱ्या जातीच्या. झाला की त्यावर नेमकं औषध नाही. लस मात्र एकदा घेतली की बहुतेकांना जन्माची पुरते. ती माळ काय करणार कपाळ!

दुसऱ्याच दिवशी त्याला मुंबईच्या सरकारी केंद्रात नेलं. सुई आत जाईपर्यंत मी त्याच्या दंडावरून नजर हटवली नाही. लस घेतल्यावर दहा दिवस थांबावं लागतं, त्यात त्याचं विमान हुकलं. माझ्याशी बोलणंच टाकलं त्याने.

दोस्तालाही लस टोचून घ्यायला सांगायला दासगावला गेले होते. दोस्ताची आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भावाचं मोडलंस, आता माज्या पोराचं मोडू नको. कुनावर इस्वास म्हनून नाय तुजा." दोस्त ठरल्या दिवशी गेला.

भावाला पुढच्या खेपेला पाठवलं. पोहोचल्यावर आठवड्याने त्याचा फोन आला.

"ताय, त्याची खाट रिकामी हाय. ताप आला, डोळे पिवळे झाले, आनि आज सकाळी गेला. त्याच्या आईला फोनवर कसं सांगू? तू जाशील?"

मी दासगावला गेले. ती ओसरीवरच होती. मला बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"आता कसला संशय हाय गो तुला?" तिने विचारलं.