काळाचौकीचा गार्लोंद

काळाचौकीत "गार्लोंद!" अशी हाक आली की रघू आंबेरकर वळायचा. जवानीपासून वळत आला होता. गणपतीच्या वर्गणीची पावती 'श्री. गार्लोंद' या नावाने फाटायची. त्याच्या बायकोला, शांताकाकूला, नळावरच्या बायका गार्लोंदवहिनी म्हणायच्या. एकदा लग्नपत्रिकेच्या पाकिटावर 'गार्लोंद कुटुंब' असं आलं, तेव्हा तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "ह्या कुटुंबाक आहेर खंयच्या देशाच्या नोटांनी करूचो?"

गार्लोंद हे नाव मुळात रघूचं नव्हतं, साच्याचं होतं. मिलमध्ये कापड विणायच्या मागाला साचा म्हणायचे. रांगेतले सगळे साचे इंग्लंडचे, एकच फ्रान्सचा. म्हातारा, हट्टी, पावसाळी हवेत रुसून बसणारा. जुना माणूस त्याला हात लावायला तयार नाही, म्हणून तो नवख्या रघूच्या गळ्यात पडला. साच्याच्या कपाळावर बिडाची पट्टी होती आणि तिच्यावर उठावाची अक्षरं. खात्याच्या मास्तरांनी एकदा चष्मा वर करून वाचून दाखवलं, "गार्लोंद. बनवणाऱ्याचं आडनाव आहे ते." पाठीमागून जॉबर, म्हणजे मुकादम, ओरडला, "ए गार्लोंद, धागा तुटला बघ!" झालं. बारसं तिथेच उरकलं. पेढे नाहीत, पाळणा नाही.

खात्यात आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचायचे. मग अख्खी पाळी रघूच्या सोबतीला ते नाव. पट्टीवर कापसाचं तूस बसायचं, तो बोटाने पुसायचा. पुसता पुसता त्याला वाटायचं, आडनाव आहे म्हणजे गाव असणारच. आपण आंबेरीचे म्हणून आंबेरकर. तसं कुठेतरी गार्लोंद असेल. उतारावर असेल. खाली ओहोळ असेल. असं करत त्याने तिथे घरं बांधली, कौलं चढवली, एका परसात गायसुद्धा बांधली. पुढे मिल बंद पडली, साचा भंगारात गेला, त्या जागी काचेचा टॉवर आला. गावाला मात्र धक्का लागला नाही. दुपारी डोळा लागला की रघू तिकडे जाऊन यायचा.

"खंय गेल्लात?" शांताकाकू विचारायची.

"हयसरच होतंय."

पण पायांना दव लागल्यासारखं वाटायचं, आणि तो उगाच तळवे चाचपून बघायचा.

पुतण्याची मुलगी मनवा शेजारच्या खोलीत राहायची. अकरावीत होती आणि मोबाईलमधून डोकं वर काढलं की बातमीच द्यायची. एके दिवशी ती धावत आली.

"आजोबा, तुमचं आडनाव सापडलं!"

"हरवलं कधी होतं? रेशनकार्डावर आहे की."

"ते नाही हो. गार्लोंद! फ्रान्सचं एकदम रेअर आडनाव आहे. सगळी मिळून साठ-सत्तर माणसं उरलीत, बस. आणि बहुतेक एकाच डोंगराच्या आसपास. हा बघा नकाशा."

नकाशावर लाल ठिपके होते. एका दरीत मुंग्यांसारखे दाटलेले, मग इकडे-तिकडे विखुरलेले, एक कॅनडात. आणि एक, सगळ्यांपासून लांब, अरबी समुद्राच्या काठाला.

"हा कोण?" रघूने विचारलं.

"तुम्ही!" मनवा टाळी वाजवून म्हणाली. "तिथे लिहिलंय, या आडनावाचं कुणी कुठे असेल तर कळवा. मी कळवलं. रघू गार्लोंद, काळाचौकी."

ठिपके मोजणारी बाई मिरेय गार्लोंद नावाची निवृत्त शिक्षिका होती. तिचं उत्तरही आलं होतं. आनंदाने नुसती उड्या मारत होती बाई. तुमच्या घरातले कोण भारतात गेले, पणजोबा की त्यांचे वडील? येत्या रविवारी आम्ही सगळे मूळ गार्लोंदला जमतोय. ओहोळावरची छोटी वाडी आहे. तिच्यावरूनच आपलं नाव पडलं. आता तिथे कुणी राहत नाही. जे लांब आहेत त्यांना मी फोनवरून वाडी दाखवणार आहे. फक्त घरच्या माणसांना, हां!

मनवा फ्रेंच बाईचा आवाज काढून, नाकातून, ओठांचा चंबू करून वाचत होती. रघू हसला नाही.

"गाव आहे?" तो म्हणाला. "ओहोळसुद्धा आहे?"

पुढचे दिवस त्याला जेवणात चव नव्हती. मिलमधला जुना सोबती माधव म्हणाला, "सोपं आहे रे गार्लोंद. सांग, आजा बोटीवर होता." मनवाने तर आज्याला टोपी, दाढी आणि पोर्तुगीज पोपटसुद्धा देऊन टाकला. शांताकाकू तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "खोटा सांगल्यात तर गाव बघूक गावतला. खरा सांगल्यात तर ती बाई फोन ठेवतली. तुमचा तुमी बघा. मिया मात्र आंबेरकारीणच आसंय."

रविवारी दुपार कलल्यावर रघूने इस्त्रीचा शर्ट घातला. मनवाने फोन डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर एक भलंमोठं झाड उगवलं, झाडाखाली लांब टेबल, टेबलाभोवती माणसं, आणि अगदी जवळ पांढऱ्या केसांची मिरेय. तिने रघूकडे बोट केलं आणि काहीतरी ओरडली. सगळं टेबल ओरडलं, "गाऽर्लाँद!" ग्लास वर गेले. एका म्हाताऱ्याचं नाक, एका पोरीचं नाक, मिरेयचं नाक, सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी. रघूने आपल्या बसक्या नाकाला हळूच हात लावला.

"विचारतेय, कोण आलं होतं इंडियात?" मनवा कुजबुजली. "पोपट सांगू?"

रघू टेबलाकडे बघत राहिला. किती खूश होती ती माणसं. सत्तरांमध्ये एक वाढला म्हणून.

"सांग तिला," तो म्हणाला, "मी तुमच्यातला नाही. मी आंबेरकर. तुमचं नाव माझ्या साच्यावर होतं, लोकांनी मला लावलं. पोरीने हौसेने कळवलं, पण मला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही."

"आजोबा, ती वाडी..."

"सांग म्हटलं ना."

मनवाने सांगितलं. इंग्रजीत, अडखळत. मिरेयने वळून फ्रेंचमध्ये सांगितलं. टेबलावरचे चमचे थांबले. वर गेलेला एक ग्लास हवेतच राहिला, मग सावकाश खाली आला.

"म्हणतेय, मग ठिपका काढावा लागेल," मनवा म्हणाली. या वेळी तिने बाईचा आवाज काढला नाही.

"काढायलाच पाहिजे."

मिरेयचा हात फोनकडे येऊ लागला. तेवढ्यात नाकवाला म्हातारा टेबलाच्या टोकाकडून काहीतरी म्हणाला, दोनदा म्हणाला.

"ते विचारतायत, मशीन? गार्लोंदांमधल्या कुणी मशीन बनवल्याचं त्यांना माहीतच नाही. कसं होतं? आवाज कसा होता?"

हे सांगायला रघूला इंग्रजी लागत नव्हती. त्याने डोळे मिटले. जिभेने टाळ्यावर मागाचा धोटा इकडून तिकडे धाडला, तळव्याने मांडीवर धागे ठोकणारी फणी आपटली, आणि दोन-चार ठोक्यांनंतर घशातून साच्याचा तो रुसका, पावसाळी खोकला काढला. खटाक्-फट, खटाक्-फट, ख्र्‌ऽ, खटाक्-फट. डब्याचं झाकण थरथरायला लागलं. दारातून माधवने मान घातली, "काय गार्लोंद, मिल चालू झाली की काय?"

म्हाताऱ्याने उठून मिरेयच्या हातातून फोन घेतला. ती काहीतरी बोलली. त्याने ऐकलं नाही. पडदा डुचमळला. आकाश, बूट, गवत, पुन्हा आकाश. मग फोन स्थिर झाला.

उतार होता. दगडी भिंती कमरेएवढ्या उरल्या होत्या, वर कौल नाही, दार नाही. दाराच्या जागेतून एक झुडूप बाहेर आलं होतं. ओहोळ दिसत नव्हता, पण ऐकू येत होता.

"गार्लोंद," म्हातारा म्हणाला आणि धापा टाकत राहिला.

रघूच्या मनातल्या गावात घरं होती. इथे नव्हती. तरी त्याला चुकल्यासारखं वाटलं नाही.

"त्यांना सांग, दमलेत ते. जेवायला जा म्हणावं. फोन तेवढा भिंतीवर ठेवून जा. मी बघतो जरा."

मनवाने इंग्रजीत आणि खुणांनी सांगितलं. म्हातारा हसला असावा. पडद्यात एकदा त्याचं नाक मोठं झालं, मग पावलं लांब गेली. मागे नुसतं गवत राहिलं, वाऱ्याने एका अंगावर झुकणारं, पुन्हा उठणारं. शांताकाकू चहा घेऊन आली, कप खाली ठेवला आणि विचारल्याशिवाय त्याच्या शेजारी फरशीवर बसली.

"कोणच नाय हो हय," ती म्हणाली.

"गप," रघू म्हणाला. "पाणी ऐक."